बर्गनच्या रनिंग रूममधून

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर तीनदा सांगायला घेतलं आणि तिन्ही वेळा 'जेवलीस का' या स्टेशनावरच गाडी अडली. म्हणून लिहितेय. दादाच्या फोनवर पाठवते, तो वाचून दाखवेल.

मी नॉर्वेला ऑफिसच्या कामाने आलेले नाही. सुट्टी टाकली, साठवलेले पैसे काढले आणि एकटी आले. तिकीट जानेवारीतच काढलं होतं आणि त्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, कधी आहे तेही कॅलेंडरात बघितलं होतं. म्हणजे नजरचुकीने झालं असं म्हणायलाही जागा नाही. मागच्या दोन वर्षांचं तुम्हाला काय सांगायचं. शेवटचा कागद हातात आला त्या संध्याकाळी ठरवलं, की यंदा निंबाखाली झोक्यापाशी बसून त्याच बायकांच्या त्याच प्रश्नांना उत्तरं द्यायची नाहीत. तुमच्यापासून नाही पळाले मी. आई, एवढं वाक्य दोनदा ऐक, मग रागव.

कर्ज काढलेलं नाही. एफडी मोडलेली नाही. विमानाचं तिकीट स्वस्त असतानाच घेतलं, हिवाळ्यात दोन सुट्ट्या न घेता काम केलं त्याचे पैसे आले होते, आणि फ्लॅटचा हप्ता वेळेवर गेलाय. दादाला मेसेज दाखवायला सांगा हवं तर.

देश महाग आहे, हे खरं. एका क्रोनचे आठ-नऊ रुपये, आणि हॉटेलात साधी एक डिश अडीचशे क्रोनच्या घरात. बाबांना हिशेब आवडतो म्हणून सांगते: दुकानातून नेलेल्या खाण्यावर इथे १५ टक्के कर आणि तेच हॉटेलात बसून खाल्लं तर २५. मी आतापर्यंत हॉटेलात एकदाच बसले, तेही बाहेर धो धो पाऊस होता म्हणून. कॉफीच घेतली. बाकी माझं दिवसाचं खाणं दीडशे क्रोनच्या आत भागतं, आणि ते उपाशी राहून नव्हे.

बाबा, तुम्ही ड्यूटीवर निघताना लाइन बॉक्सच्या पेटीबरोबर जी कापडी पिशवी असायची, ती आठवते? आई त्यात दादर ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, दोन कांदे आणि पावडरच्या रिकाम्या डब्यात काळा मसाला भरून द्यायची. इगतपुरीच्या रनिंग रूममध्ये, गार्ड-ड्रायव्हरांच्या त्या विश्रांतीच्या जागी, तो शिधा खानसाम्याच्या हातात दिला की तुमचं जेवण. मला लहानपणी वाईट वाटायचं, की एवढ्या मोठ्या गाडीच्या गार्डाला घरून पीठ न्यावं लागतं. आता इथल्या होस्टेलचं स्वयंपाकघर बघितलं आणि हसू आलं. तीच रनिंग रूम, फक्त खानसामा नाही. फ्रिजमध्ये प्रत्येकाची पिशवी, पिशवीवर नाव आणि जायची तारीख. कोपऱ्यात एक फळी आहे, तिथे निघून जाणारे लोक उरलेलं ठेवून जातात. मीठ, तेल, साखर, अर्धी शेवयांची पिशवी. आल्यापासून मी तेल-मीठ विकत घेतलेलंच नाही.

ओस्लोत ग्रोनलंड नावाचा भाग आहे. तिथे पाकिस्तानी लोकांची दुकानं आहेत, तिथून मसूर डाळ, हिरवी मिरची आणि कोथिंबिरीची चांगली जाड जुडी घेतली. मोठ्या दुकानात दोन मिरच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून विकतात, त्यांची किंमत बघून मी त्या परत ठेवल्या. काल बर्गनमध्ये लसणाची फोडणी देऊन डाळ केली, वर काळा मसाला. खिडकी उघडली होती तरी टेबलावरचा एक जर्मन मुलगा खोकत बाहेर गेला आणि पाच मिनिटांनी वाटी घेऊन परत आला. तुझे बिबडे, ते ज्वारीचे पापड, मायक्रोवेव्हमध्ये टाकले तर मिनिटात फुलले, आई. चुलीवरची चव नाही, पण निम्मे संपलेत. तुपाची बरणी मात्र पुण्यातच राहिली. दूधदुभत्याचं काही बाहेरून इथे आणू देत नाहीत. कुणाला दिलेली नाही, फ्रिजमध्ये आहे, काळजी करू नकोस.

सकाळी ओट्स. इथे त्याची किलोची पिशवी सगळ्यात स्वस्त. कांदा-मिरची घालून उपमा करते. बटाटे, गाजर, कोबी परवडतात. तारीख जवळ आलेल्या मालावर दुकानं कमी किमतीचं स्टिकर लावतात, संध्याकाळी आधी तेच बघायचं. केळीही परवडतात, इक्वाडोरची आहेत. रावेरच्या मामांना सांगा, दिसायला एकसारखी आणि चवीला काही नाही. पाणी नळाचंच पितात सगळे, बाटली विकत घ्यायची गरज नाही. आणि अंडी खाते. पुण्यात आल्यापासून खाते, आता सांगूनच टाकते.

एकदाच फजिती झाली. पहिल्या रविवारी जवळची मोठी दुकानं सगळी बंद, हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी कडक पापडासारखा ब्रेड मिळतो इथे, तो आणि शेंगदाण्याची चटणी, दोन्ही वेळा. तेव्हा मात्र तुझी आठवण आली. तू विचारलंस तेव्हा 'भरपेट' म्हणाले होते, ते खोटं होतं.

बाबा, आता तुमच्यासाठी. ओस्लोहून बर्गनला मी गाडीने आले. साधारण सात तास. हा मार्ग १९०९ साली सुरू झाला. मध्ये फिन्से नावाचं स्टेशन लागतं. आपल्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहितात ना, तशी तिथेही पाटी आहे: १२२२ मीटर. एप्रिल संपत आलाय आणि खिडकीपर्यंत बर्फ. भुसावळला त्या दिवशी किती होतं, ४३?

गाडीत खाण्याचा डबा जोडलेला आहे, भाव बघून मी उठलेच नाही. स्टीलचा डबा काढायला लाज वाटत होती. बटाट्याची सुकी भाजी ब्रेडमध्ये भरली होती, वास येईल म्हणून झाकण अर्धंच उघडलं. समोर एक आजी बसल्या होत्या, चांगलं लोकरीचं जॅकेट, मोत्याच्या कुड्या. त्यांनी पर्समधून कागदाची पुडी काढली. आत ब्रेडचे चार काप, एकावर एक, आणि चिकटू नये म्हणून प्रत्येकाच्या मध्ये मेणकागदाचा नीट कापलेला चौकोन. याला मातपाक्के म्हणतात. शाळेतली पोरं, ऑफिसातले साहेब, सगळे घरून हेच नेतात. कागदाचे ते चौकोन दुकानात तयार मिळतात! ओस्लोच्या शाळांत १९३० च्या दशकात मुलांना ब्रेड, चीज, दूध, गाजर असा थंड नाश्ता द्यायचे, ती चाल पुढे घरोघरी टिकली असं त्या सांगत होत्या.

त्यांनी मला तपकिरी चीजचा एक पातळ काप दिला. बासुंदी झाल्यावर तू कढई खरवडून मला द्यायचीस ना, पाटावर बसवून, दादाला कळू न देता? तीच चव, जरा खारट. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. आजींना वाटलं आवडलं नाही.

बदल्यात मी चटणी दिली. त्यांनी पाण्याची अख्खी बाटली संपवली.

बरं, आता ऐका. बाबा, आमरस एक वाटी. एक म्हणजे एक, आणि जेवणाबरोबर, वर पोळीने पुसून घ्यायचा नाही. साखर उपाशीपोटी तपासून वहीत लिहायची, मागच्या वेळेसारखे आठ दिवसांचे आकडे एकाच पेनाने एकाच दिवशी भरायचे नाहीत, मला ओळखू येतात. दुपारी अकरानंतर बाजारात जायचं नाही. आई, खापरावरचे मांडे यंदा करू नकोस, गुडघा बरा झालाय असं तुला वाटतं, डॉक्टरांना वाटत नाही. वहिनीला सांजोऱ्या जमतात, तिला करू दे, आणि 'सारण कमी पडलं' म्हणू नकोस. कूलरमध्ये पाणी बघायला दादाला सांगा, स्टुलावर चढू नका कुणी.

बोलायला लागले की अशीच बोलते, रागावू नका. गौराईपुढे माझ्या नावाची एक सांजोरी ठेवा.

पुढच्या शनिवारी मुंबईत उतरते आणि तिथून थेट भुसावळ, पुण्याला नंतर जाईन. आठ दिवस राहणार आहे. कळण्याची भाकरी आणि ठेचा, दुसरं काही करू नकोस.

तुमची,
छकुली

ता. क. दादा, अंड्यांची ओळ गाळून वाच. नाही, थांब, वाच. पण आईचं जेवण झाल्यावर.