पाण्यातला व्हायरस तपासायचाय, इचलकरंजीकरांनो हातभार लावा

नमस्कार मंडळी,

2012 ची काविळीची साथ आपल्या गावातलं कोण विसरलंय? हजारो लोक आजारी, दवाखाने भरलेले, काही घरांतली माणसं गेली ती गेलीच. तेव्हा जी पोरं लहान होती किंवा जे नंतर कामासाठी इथं आले त्यांच्यासाठी सांगतो, आपल्या देशात पाण्यातनं येणारी काविळीची साथ बहुतेक वेळा हिपॅटायटिस ई या व्हायरसची असते. धडधाकट माणूस महिनाभर अंथरुणाला खिळतो, माग बंद, पगार बंद. आणि गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. हे वाचून तरी कुणी पाण्याचा विषय हलक्यात घेऊ नये.

आता मुद्द्याचं. आपल्या गल्लीत पाण्याची टेस्ट होते ती काय, तर ओटी (ऑर्थोटोलिडीन) हे रसायन टाकून क्लोरीन आहे का बघायचं आणि टेस्टच्या रसायन घातलेल्या बाटलीत पाणी भरून ठेवायचं, काळं पडलं नाही की पाणी पिण्यायोग्य. ह्या टेस्ट पाहिजेतच, पण बाटलीची टेस्ट बॅक्टेरियाची आहे, व्हायरस दोन्हींत दिसत नाही. बॅक्टेरिया साधारण हजार-दोन हजार नॅनोमीटरचा आणि हा व्हायरस जेमतेम तीस, घरातल्या साध्या कॅन्डल फिल्टरमधनंसुद्धा आरामात पार होतो.

दिल्लीत 1955-56 ला नेमकं हेच झालं. नजफगड नाल्याची घाण यमुनेत पाणी उचलायच्या जागेपर्यंत आली, पाणी शुद्ध करणाऱ्या तिथल्या लोकांनी तुरटी आणि क्लोरीन वाढवलं, त्यामुळं टायफॉइड नाही वाढला, हगवण नाही वाढली, पण साधारण 29 हजार लोकांना कावीळ झाली! म्हणजे तेवढ्या क्लोरीननं बॅक्टेरिया मेले आणि व्हायरस वाचून नळातनं घरात आला. तो नेहमीचा हिपॅटायटिस ए नव्हता हे कळायला तर 1980 उजाडलं, जपून ठेवलेलं रक्त परत तपासलं तेव्हा.

आणि दुसरी गोष्ट, हा आजार दिसायला दोन ते आठ आठवडे लागतात. डोळे पिवळे झाल्यावर पाणी तपासायला धावलो तर ते पाणी कधीच वाहून गेलेलं असतं. म्हणून आधीच तपासायचंय. मुंबईत 2001 पासनं पोलिओचा व्हायरस गटाराच्या पाण्यात शोधतात, पेशंट सापडायची वाट बघत बसत नाहीत, आपण पिण्याच्या पाण्यासाठी एवढं तरी करू.

टेस्ट कुठली करायची तेही ठरलंय. एमएस टू फेज म्हणून एक व्हायरस आहे, तो माणसाला काही करत नाही, ई कोलाय बॅक्टेरियाला खातो, पण आकारानं आतड्यातल्या व्हायरससारखाच. लॅबमध्ये प्लेटवर ई कोलायचा दाट थर वाढवतात, त्यात आपलं पाणी मिसळलेलं असतं, फेज असेल तर दुसऱ्या दिवशी थरात गोल गोल मोकळे ठिपके पडलेले दिसतात. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या आपल्याच देशाच्या मानकात लिहिलंय की एक लिटर पाण्यात हा फेज असता कामा नये, आणि सापडला तर पुढं पीसीआर (व्हायरसचा अंश शोधणारी टेस्ट) करून हिपॅटायटिस ए आणि एन्टेरोव्हायरस (आतड्यात वाढणारे व्हायरस) बघायचे. कागदावर आहे पण गल्लीच्या नळापर्यंत ही टेस्ट येत नाही, म्हणून वर्गणी काढतोय.

सॅम्पल घेणार जिथं पाण्याची लाईन गटाराला लागून जाते तिथं आणि लाईनच्या शेवटच्या नळांवर, कारण आपल्याकडं पाणी रोज येत नाही, लाईन रिकामी झाली की फुटक्या जॉइंटमधनं गटाराचं पाणी आत ओढलं जातं. बाटली निर्जंतुक लागते आणि आत सोडियम थायोसल्फेट घातलेलं लागतं, नाहीतर पाण्यातलं क्लोरीन प्रवासातही थोडेथोडे व्हायरस मारत राहतं आणि रिपोर्ट उगाच चांगला येतो. मग बर्फात घालून लगेच लॅबला. अशी टेस्ट सगळीकडं होत नाही, बाहेरगावी न्यावं लागणार, खर्च त्याचाच जास्त.

तर शंभर रुपये द्या, पाचशे द्या, जमेल ते द्या. पावती मिळेल, पै-पैचा हिशोब आणि प्रत्येक रिपोर्ट, चांगला असो की वाईट, आपल्या ग्रुपवर आणि गल्लीच्या बोर्डावर लागेल. पैसे जमत नसतील तर आईसबॉक्स द्या, लॅबपर्यंत गाडी घेऊन जा. लॅब टेक्निशियन, नर्सताई, सायन्सची पोरंपोरी कुणी असाल तर सॅम्पल घ्यायला या. कारखानदारांनी आपल्या शेडमधल्या पिण्याच्या टाकीचं सॅम्पल घेऊ द्यावं ही खास विनंती, कामगार दिवसभर तेच पाणी पितात.

रिपोर्ट येईपर्यंत पाणी खळखळ उकळूनच प्या, घरात गरोदर बाई असेल तर अजिबात हयगय नको. वर्गणी समितीच्या कुठल्याही माणसाकडं द्या, येत्या रविवारी संध्याकाळी आम्ही घरोघरी पण येतोय.

आपली,
नागरिक पाणी समिती