बेकिंगच्या पाककृती वाटीत नको, ग्रॅममध्ये छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत केक, नानकटाई, पाव, खारी बिस्किटे यांच्या पाककृती नेमाने येतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या अनेक घरांत त्या कापून जपून ठेवल्या जातात, म्हणूनच हे पत्र. "दोन वाट्या मैदा, एक वाटी साखर, एक चमचा सोडा, मध्यम आचेवर भाजा" एवढ्यावर भाजी निभते, केक निभत नाही. भाजीत मीठ कमी पडले तर वरून घालता येते. टिन एकदा ओव्हनमध्ये गेला की काही सुधारता येत नाही. तेव्हा प्रत्येक पाककृतीबरोबर चार गोष्टी अवश्य छापाव्यात अशी कळकळीची विनंती आहे: जिन्नसांचे वजन ग्रॅममध्ये, चमच्याचे माप मिलिलिटरमध्ये, टिनचा आकार आणि ओव्हनचे तापमान.

सगळे एकाच वाटीने मोजले तर प्रमाण राहतेच, असे यावर उत्तर मिळते. साखर आणि दह्यापुरते ते खरे आहे. मैद्याचे तसे नाही. २४० मि.ली.चा कप हलक्या हाताने भरला तर मैदा साधारण १२० ग्रॅम बसतो, डब्यातून दाबून भरला तर १५० ग्रॅम. एकाच कपात पाव हिश्श्याचा फरक पडला की केक कोरडा आणि गच्च होतो. दुसरी अडचण सोड्याची. घरातली वाटी १०० मि.ली.ची असो की २०० ची, पाककृतीतला सोडा मात्र "एक चमचा"च राहतो. लहान वाटीच्या घरात तो दुप्पट पडतो, आणि चहाच्या चमच्याऐवजी पोह्यांचा चमचा घेतला तर विचारायलाच नको. बेकिंगमधला छोटा चमचा ५ मि.ली.चा आणि मोठा १५ मि.ली.चा. मापाचे चमचे नसतील तर औषधाच्या बाटलीवरचे खुणा केलेले टोपण धुऊन, कोरडे करून वापरावे. स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा काही शे रुपयांत मिळतो. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा पुरे. सोडा आणि यीस्ट मात्र त्यावर मोजू नये, एवढ्या कमी वजनाला तो चुकतो. ते चमच्यानेच घ्यावे.

टिनच्या आकाराकडे तर कोणाचेच लक्ष नसते. ६ इंची आणि ८ इंची गोल टिनात फरक दोनच इंचांचा दिसतो, पण तळाचे क्षेत्रफळ जवळजवळ पावणेदोन पट होते. ७ इंची टिनचे मिश्रण ६ इंचीत ओतले तर वर फुटते आणि आत कच्चे राहते. ८ इंचीत ओतले तर चपटे होऊन लवकर वाळते. टिन अर्ध्याहून थोडा जास्त, फार तर दोन तृतीयांश भरावा.

तापमानाचे म्हणाल तर ओटीजीच्या (घरगुती विजेच्या ओव्हनच्या) चकतीवर १८० लिहिले म्हणजे आत १८० असतेच असे नाही. २०-२५ अंशांचा फरक सर्रास सापडतो. आत ठेवायचा ओव्हन थर्मामीटर स्वस्त असतो आणि त्याने निम्मे गोंधळ मिटतात. केकसाठी वरखालच्या दोन्ही कॉइल चालू हव्यात, टिन मधल्या जाळीवर हवा, आणि ओव्हन आधी १५ मिनिटे तापलेला हवा. पंखा असलेल्या ओव्हनमध्ये तापमान १५-२० अंशांनी कमी ठेवावे. साध्या मायक्रोवेव्हमध्ये केक शिजतो, भाजला जात नाही. भाजण्यासाठी कन्व्हेक्शन, म्हणजे गरम हवा खेळवणारा मोडच लागतो, आणि पत्र्याचा टिनही फक्त त्याच मोडवर चालतो.

नमुना म्हणून आपल्या भागातल्या जिन्नसांचा एक बिनअंड्याचा केक देत आहे. पाककृती अशी छापली जावी. कणीक १२० ग्रॅम, नाचणीचे पीठ ६० ग्रॅम, बारीक चिरलेला गूळ १५० ग्रॅम, घट्ट ताजे दही २४० ग्रॅम, वास नसलेले तेल १०० मि.ली., बेकिंग पावडर १ छोटा चमचा, खाण्याचा सोडा अर्धा छोटा चमचा, मीठ चिमूटभर, वेलदोडे-जायफळ, हवे तर काजूचे तुकडे ४० ग्रॅम. टिन ७ इंची गोल, तळाला कागद. तापमान १७० अंश, वेळ ४० ते ४५ मिनिटे.

गूळ दह्यात पूर्ण विरघळवून गाळून घ्यावा. गुऱ्हाळाच्या गुळात बारीक कचरा असतोच, आणि न विरघळलेला खडा भाजताना करपून कडू लागतो. त्यात तेल घालून एकजीव करावे. पिठे, पावडर, सोडा, मीठ दोनदा एकत्र चाळावे. चाळण्याचा खरा उपयोग सोड्याची गुठळी मोडण्याचा आहे. तशी गुठळी राहिली तर केकमध्ये तपकिरी, साबणासारख्या चवीचा ठिपका निघतो. ओव्हन तापल्यावरच कोरडे ओल्यात घालावे, पीठ दिसेनासे होईपर्यंतच हलवावे आणि लगेच टिन आत सरकवावा. दही आणि सोडा भेटले की वायू तत्क्षणी सुटू लागतो. मिश्रण अर्धा तास ओट्यावर राहिले तर तो उडून जातो आणि केक दडस होतो. मिश्रण फार घट्ट वाटले तर २-३ मोठे चमचे दूध चालेल, पण पावसाळ्यातला मऊ गूळ आधीच ओलसर असतो, तेव्हा दूध बेतानेच. गूळ साखरेपेक्षा लवकर काळवंडतो, म्हणून तापमान १८० ऐवजी १७०. नाचणीत गव्हातला चिकटपणा नाही, त्यामुळे तिचे प्रमाण एक तृतीयांशाच्या वर नेले तर तुकडा हातात भुगा होतो.

सोडा आणि पावडर एकमेकांच्या जागी घालण्याची चूक सर्वांत महाग पडते. सोड्याला आंबट हवेच: दही, ताक, लिंबू किंवा व्हिनेगर. साधारण एक कप दह्याला अर्धा छोटा चमचा सोडा पुरतो. जास्तीचा सोडा तसाच शिल्लक राहतो, केक पिवळट-तपकिरी होतो आणि तोंडात तुरट चव रेंगाळते. पावडरीत आंबट मीठ आधीच मिसळलेले असते. १०० ग्रॅम मैद्याला एक छोटा चमचा पुरे. सोड्याची ताकद पावडरीच्या तिप्पट-चौपट, हे लक्षात ठेवले की एकाच्या जागी दुसरे तेवढेच घालण्याचा मोह होत नाही. पावडर जुनी वाटली तर अर्धा चमचा गरम पाण्यात टाकावी. जोरात फसफसली तर चांगली. सोड्याची परीक्षा लिंबाच्या रसात.

केक मध्ये खचला की लोक पावडर वाढवतात, आणि तो आणखी खचतो. कारण वायू जास्त झाला की बुडबुडे मोठे होऊन पीठ धरण्याआधीच फुटतात. खचण्याची बाकी कारणे म्हणजे पहिल्या २५ मिनिटांत दार उघडणे आणि पाच मिनिटे आधी बाहेर काढणे. वर डोंगर होऊन फुटला तर आच जास्त. वातड झाला तर फेटणे जास्त. केक टिनच्या कडेने सुटू लागला आणि मध्ये खुपसलेली काडी कोरडी आली की झाला.

नानकटाई आपल्या भागाला नवी नाही. दिवाळीआधी सामान घेऊन बेकरीच्या भट्टीतून पत्रे भाजून आणणे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. भट्टीच्या जाड भिंती उष्णता धरून ठेवतात. घरचा लहान ओव्हन दार उघडताच थंड होतो, म्हणून तिथे सतत डोकावू नये. मैदा १०० ग्रॅम, बारीक बेसन ३०, बारीक रवा २०, पिठीसाखर ७५, साजूक तूप ९० ग्रॅम, पावडर पाव छोटा चमचा, सोडा चिमूटभर, मीठ, वेलची. तूप रवाळ, थिजलेले हवे. एप्रिल-मेमध्ये ते पातळ झालेले असते, तेव्हा दहा-पंधरा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवावे. तूप-साखर पाच मिनिटे पांढरे होईपर्यंत फेसावे, पिठे हलक्या हाताने मिसळावीत, न मळता २० ग्रॅमचे गोळे करावेत. सोळाच्या आसपास होतात. १६० अंशांवर २० ते २२ मिनिटे. तळ बदामी झाला की काढावी. गरम असताना ती मऊच लागते, पत्र्यावर दहा मिनिटांत कडक होते. मऊ आहे म्हणून पुन्हा आत ढकलली की करपते. पसरून पोळी झाली तर तूप पातळ होते किंवा साखर जास्त पडली. चिरा पडून भुगा झाली तर तूप कमी.

इथे लोण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. बेळगावच्या लोण्याचे नाव सर्वदूर आहे आणि अनेकजणी हौसेने तुपाऐवजी लोणी घालतात. पण तूप जवळजवळ पूर्ण स्निग्ध असते, तर लोण्यात सुमारे ८० टक्केच. बाकीचे मुख्यतः पाणी. ९० ग्रॅम तुपाच्या जागी ११० ग्रॅम लोणी लागते, आणि तेही ताक पूर्ण धुऊन, दाबून पाणी काढलेले. तरीही त्या पाण्याने मैद्याला चिकटपणा येतो आणि नानकटाई खुसखुशीत न होता कडक होते. लोण्याची खरी जागा खाऱ्या बिस्किटांत आहे.

त्यासाठी मैदा १५० ग्रॅम, थंड लोणी ७५, पिठीसाखर १५, मीठ पाऊण छोटा चमचा, पावडर अर्धा छोटा चमचा, दही २ मोठे चमचे, जिरे, चिरलेला कढीपत्ता आणि कोथिंबीर. खारट पाकिटबंद बटर घेतले तर मीठ निम्मे. लोणी मैद्यात बोटांनी चोळून रव्यासारखे करावे, मग बाकीचे घालून गोळा करावा. मळू नये. पाने धुतल्यावर कापडाने अगदी कोरडी करावीत. त्यांच्या ओलाव्याने पीठ चिकट होते, मग वरून मैदा टाकला जातो आणि बिस्किट दगड होते. याच कारणासाठी हिरव्या मिरचीपेक्षा भरड कुटलेली संकेश्वरी मिरची अर्धा चमचा घालणे उत्तम. तिखटपणा भरपूर, ओलावा नाही. पीठ २० मिनिटे फ्रीजमध्ये, मग अर्धा सेंटीमीटर जाड लाटून, काट्याने टोचून, १७० अंशांवर २० ते २२ मिनिटे.

पावाच्या पाककृतीत "एक तास फुगू द्या" हे वाक्य छापणे थांबवावे. मैदा ३०० ग्रॅम, दूध-पाणी मिळून २०० मि.ली., इन्स्टंट यीस्ट १ छोटा चमचा, साखर १ मोठा चमचा, मीठ १ छोटा चमचा, लोणी २५ ग्रॅम. दहा-बारा मिनिटे मळल्यावर पिठाचा पापुद्रा न फाटता ताणला गेला पाहिजे. त्यानंतर ते दुप्पट होण्याला मार्चमध्ये पाऊण तास लागेल, खानापूरच्या जुलैत दीड-दोन तास. घड्याळ बघू नये, पीठ बघावे. नऊ गोळे, ८ इंची चौकोनी टिन, पुन्हा दुप्पट, मग २०० अंशांवर १८ ते २० मिनिटे. दुसऱ्या फुगवणीत पीठ जास्त वेळ राहिले तर ओव्हनमध्ये बसते. बोटाने दाबल्यावर खळगा सावकाश भरत आला तर वेळ बरोबर. खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात मैदा हवेतला ओलावा धरतो, तिथे दहा-पंधरा मि.ली. पाणी कमी घ्यावे. अथणी-रायबागच्या कोरड्या हवेत उलट चमचाभर जास्त लागू शकते. बेळगाव उंचावर आहे म्हणून पाककृती बदलावी लागते, हा समज मात्र सोडावा. आपली उंची सुमारे ७५० मीटर. बदलाची गरज साधारण हजार मीटरच्या आसपास सुरू होते.

शेवटी सर्वांत निकडीचे. "कुकरमध्ये केक" छापताना शिट्टी आणि रबर काढण्याची सूचना ठळक अक्षरांत हवी. खरे तर कुकर सुचवूच नये. कोरड्या आचेने त्याचा सेफ्टी वाल्व्ह आणि रबर खराब होते, आणि तोच कुकर उद्या वरणभातासाठी दाबाखाली चढतो. जाड बुडाची कढई, आत उंच तिवई, वर घट्ट झाकण एवढे पुरते. मिठाचा थर नसला तरी चालते. नॉनस्टिक कढई घेऊ नये, रिकामी तापली की थर उतरतो. कढई दहा मिनिटे मध्यम आचेवर तापवावी, नंतर अगदी मंद. ७ इंची केकला ५० मिनिटे लागतात आणि वरचा भाग फिकटच राहतो, तो कच्चा समजून आणखी भाजू नये. ओटीजी वापरणाऱ्यांनी तो १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावावा, एक्स्टेन्शन बोर्डावर नव्हे, आणि भिंतीपासून चार इंच पुढे ठेवावा.

कळावे,
आपली विश्वासू,
एक नियमित वाचक, शहापूर, बेळगाव