डायलिसिसच्या खाटेवर म्हाताऱ्यांचे पाय गळून चाललेत: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,

सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातल्या आमच्या डायलिसिस केंद्राला फिजिओथेरपिस्ट देण्याचा शब्द गेल्या उन्हाळ्यात मिळाला होता. हाही उन्हाळा सरला. आता कळतंय की पदच मंजूर नाही. मग शब्द दिलाच कशाला?

हिशोब करा साहेब. आठवड्याला 3 वेळा, दर वेळी 4 तास, म्हणजे वर्षाला 624 तास सत्तरीतला माणूस खाटेवर पडून असतो. घरी गेला की थकून पुन्हा आडवा. मांड्या बघता बघता बारीक होतात. छातीवर हात बांधून खुर्चीतून 5 वेळा उठायला 15 सेकंदांहून जास्त लागले, तर पायातलं बळ गेलं समजायचं. इथे कितीतरी जणांना हाताचा टेकू दिल्याशिवाय एकदाही उठता येत नाही. ते एसटीची पायरी कशी चढणार?

उपाय महागडा नाही. डायलिसिस चालू असताना पडल्या पडल्या पाय फिरवायला, खाटेच्या पायथ्याला घट्ट बसवलेलं सायकलसारखं पेडल पुरे. सैल असलं तर सरकतं. व्यायाम डायलिसिसच्या पहिल्या 2 तासांतच घ्यायचा. नंतर अंगातलं पाणी बरंच निघालेलं असतं, बीपी पडतं, पोटऱ्यांत गोळे येतात. सुरुवात 5 मिनिटांनी, मग हळूहळू 20 ते 30 मिनिटांपर्यंत. दम लागावा, पण बोलता यावं. फिस्टुलाचा हात, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचलेला हात, हलवायचा नाही. जांघेत कॅथेटर (डायलिसिसची नळी) असेल तर पेडल अजिबात नाही. छातीत दुखलं, चक्कर आली, की तिथेच थांबायचं. मधुमेह्यांची साखर आधी तपासायची.

डायलिसिस नसलेल्या दिवशी खाटेचा कठडा धरून टाचा उचलणं, 10-10 वेळा. चालणं सकाळी सातच्या आत. आपल्याकडच्या उन्हात चाललं की तहान लागते, पाणी जास्त प्यायलं जातं आणि पुढच्या डायलिसिसला वजन वाढलेलं. हे सगळं समोर उभं राहून करून घ्यावं लागतं. भिंतीवर तक्ता चिकटवून होत नाही, आणि टेक्निशियनला मशीन सोडून हलता येत नाही.

पण आपली यंत्रणा मोजते फक्त डायलिसिस किती झाले ते. मशीनवरून उतरलेला माणूस संडासाला एकटा जातो का, याचा रजिस्टरात रकानाच नाही. विकासाचा अनुशेष मोजणाऱ्या मराठवाड्याच्या विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. अनुशेष मात्र आमच्या माणसांच्या पायात उतरलाय.

पद मंजूर करा, तारीख लेखी कळवा. दर 3 महिन्यांनी प्रत्येकाची खुर्चीवरची चाचणी घेऊन तिचे सेकंद रजिस्टरात लिहायचा आदेश काढा.

आपले,
डायलिसिस रुग्णांसोबत काम करणारे आम्ही, मराठवाडा