थेंबांत काय असतं, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला काढा आणि टिंक्चरवरचा लेख दोनदा वाचला. दुसऱ्यांदा चष्मा पुसून वाचला. वाटलं, आपल्याच नजरेतून एखादी ओळ सुटली असेल. सुटली नव्हती. पाऊण पान मजकूर, त्यात टिंक्चर कशात मुरवतात ते कुठेच नाही. 'विशिष्ट द्रावणात मुरवलेला अर्क' म्हणे. कसलं द्रावण? गुलाबपाणी?

अल्कोहोल असतं हो त्यात. छापायला फार जागाही लागत नाही.

आता मला एवढा राग का आला ते सांगते. आमच्या ह्यांनी दारू सोडली त्याला या गुढीपाडव्याला अकरा वर्षं झाली. कशी सोडली, ते दिवस घरात कसे गेले, हे इथे लिहीत नाही. गेल्या मार्गशीर्षात ह्यांना खोकला लागला. रात्री एक-दीड वाजता जो सुरू व्हायचा तो पहाटेपर्यंत. शेजारच्या एकांनी अगदी आपलेपणाने सांगितलं, वहिनी, कुठं काढे उकळत बसताय, अडुळशाचं मदर टिंक्चर, म्हणजे होमिओपॅथीतला मूळ अर्क, आणा, वीस थेंब अर्धा कप पाण्यात, झालं. आणलं. आमच्या लहानपणी टिंक्चर म्हणजे गुडघा फुटल्यावर लावायचं ते झोंबणारं आयोडीन, एवढंच ठाऊक. हे पोटात घ्यायचं आणि झाडपाल्याचं आहे म्हटल्यावर शंका यायचं कारण नव्हतं.

थेंब मोजून कप हातात दिला. ह्यांनी तोंडाजवळ नेला आणि तिथेच थांबले. मग कप सावकाश टीपॉयवर ठेवला, इतका सावकाश की बशीचा आवाजसुद्धा झाला नाही. म्हणाले, "हे काय आहे?" मी म्हटलं, अडुळसा. काही न बोलता उठले आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. थंडीचे, स्वेटर न घालता. तासभर. मी आत बाटली घेऊन बसले. मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरात साठ टक्क्यांच्या वरचा आकडा होता. मी वास घेतला तर मला अडुळसाच आला. ह्यांना जे आलं ते मला कसं येणार?

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. तिथला मुलगा हसून म्हणाला, "काकू, वीस थेंबांत काय हुतंय!" बाळा, बत्तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. वीस थेंब म्हणजे साधारण एक मिली, त्यातलं अल्कोहोल अर्ध्या मिलीच्या थोडं वर, हे मलाही येतं. एखाद्याला त्याने काही होणार नाही. पण ज्याने एकेक दिवस मोजून काढलाय त्याला नुसता वास पुरतो. शिवाय दारू सोडवण्यासाठी ज्यांना डायसल्फिरामच्या गोळ्या चालू असतात, त्यांना थोडंसं अल्कोहोलही त्रास देऊ शकतं. ह्यांच्या गोळ्या केव्हाच बंद झाल्या होत्या, हे आमचं नशीब.

होमिओपॅथीच्या ज्या औषधात 12 टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असतं, त्याची किरकोळ विक्रीची बाटली 30 मिलीपेक्षा मोठी असता कामा नये, असं आपल्या औषध नियमांत आहे. सरकारने तो नियम काच वाचवायला केलेला नसावा. तुमच्या लेखिकेला तो माहीत नसेल तर हरकत नाही, पण बाटलीवरचा आकडा तरी?

काढ्याच्या बाबतीतही बाईंनी आनंदच केलाय. 'उकळी आली की गाळून घ्या.' हा चहा झाला, काढा नव्हे. आयुर्वेदाच्या शार्ङ्गधर संहितेत आहे, वनस्पतीच्या सोळा पट पाणी आणि आटवून आठवा हिस्सा ठेवायचा. आमच्या सासूबाई शाळेत गेल्या नव्हत्या, पण त्यांचा आठवा हिस्सा कधी चुकला नाही. सरळ काठाच्या पातेल्यात खराट्याचा धुतलेला हीर उभा धरायच्या, पाणी लागलं तिथे नखाने खूण करायच्या, तेवढाच दोरा घेऊन तीनदा दुमडायच्या. निम्मा, पाव, आठवा. दुमडलेल्या दोऱ्याएवढी खाली दुसरी खूण. मग पातेलं मंद आचेवर आणि दर थोड्या वेळाने हीर आत. अपूर्णांक शिकवताना मी हा दोरा वर्गात कितीदा नेला असेन.

नोकरी करणाऱ्या सुनेला एवढा वेळ कुठला, हे लेखिकेचं म्हणणं मान्य. काढा त्याच दिवशी संपवावा लागतो, टिंक्चर वर्षानुवर्षं टिकतं, हेही खरं. पाण्यात न उतरणारं काही अल्कोहोलमध्ये उतरतं, तेही असेल. ज्याला चालतं त्याने खुशाल घ्यावं. आणि ह्यांचा खोकला काढ्याने गेला असाही माझा दावा नाही. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, स्वच्छ निघाला, तोवर तीन आठवडे झाले होते. कदाचित तो जायलाच आला होता.

आणखी एक. त्याच लेखात रोज तीन वेळा, महिनाभर ज्येष्ठमधाचा काढा घ्यायला सांगितलाय. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो. तुमचे निम्मे वाचक आमच्या वयाचे आहेत आणि सकाळी पेपर उघडायच्या आधी बीपीची गोळी घेतात. त्यांच्यासाठी एक ओळ? पण जागा कुठून असणार, लेखाच्या खाली तशाच थेंबांची चार रकानी जाहिरात होती ना. योगायोग असेल. तिच्यातही द्रावणाचं नाव नव्हतं.

खुलासा छापणार असाल तर पुरवणीतच, त्याच पानावर छापा. निधनवार्तांच्या खाली दोन ओळीत नको.

हे पत्र पाठवण्याआधी ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "नाव घालू नको, बाकी जाऊ दे." म्हणून नाव देत नाही.

आणि गेल्या रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तर कालच्या अंकात नव्हतं. 14 आडवं आठ दिवस अडलंय. मला विचारून विचारून ह्यांनी बेजार केलंय. तेवढं तरी छापा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, गावभाग, सांगली