मनाली–लेह सायकल सहल : पत्रकात मुक्कामाची उंची छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की इंदुरात मनाली–लेह सायकल सहलींची पत्रके फिरू लागतात. सुपर कॉरिडॉरवर आणि रालामंडलच्या रस्त्यावर पहाटे सायकल चालवणाऱ्यांच्या मोबाइलवर ती येतात, सायकलच्या दुकानांत काउंटरवर ठेवलेली असतात. दर, दिवस, तंबू, जेवण, टी-शर्ट, सगळे त्यांत असते. कुठल्या रात्री किती उंचीवर झोपायचे, तेवढे मात्र नसते. या वाटेवर माणूस आजारी पडणार की धडधाकट पोहोचणार, हे बहुतांशी त्याच आकड्यावर ठरते. म्हणून हे पत्र.

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. मनाली २,०५०, जिस्पा ३,२००, झिंगझिंगबार ४,२७०, सरचू ४,२९० आणि पांग ४,६०० मीटरवर. मधल्या खिंडी आणखी उंच : बारालाचा ४,८९०, लाचुंगला ५,०६०, तांगलांगला ५,३२८. शेवटच्या खिंडीत हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा असतो. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम हलवू नये, असा नियम पर्वतीय वैद्यकात सर्वत्र पाळला जातो. पत्रकांतला कार्यक्रम या नियमाला धरून तपासला की पहिली ठेच जिस्पालाच लागते. जिस्पाहून दुसऱ्या दिवशी थेट झिंगझिंगबार, म्हणजे एका रात्रीत हजाराहून अधिक मीटरची उडी. सायकलीवर अंतर थोडे वाटते, पाय चालतात, म्हणून कोणाला शंका येत नाही. डोके रात्री दुखू लागते.

यावर उपाय साधा आहे. जिस्पाला दोन रात्री काढाव्यात. मधल्या दिवशी सामान तंबूत ठेवून रिकाम्या सायकलीने पटसेओच्या दिशेने चढावे आणि संध्याकाळी परत खाली येऊन झोपावे. पुढचा मुक्काम पटसेओला, साधारण ३,८०० मीटरवर. मग झिंगझिंगबार, आणि त्यानंतर बारालाचा ओलांडून सरचू. सहलीचे दोन दिवस वाढतात, खर्चही वाढतो. पण हेच दोन दिवस कापून दर कमी दाखवला जातो, हे पैसे भरणाऱ्याला कळायला हवे. अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाल्यापासून हा मोह आणखी वाढला आहे. ९.०२ किलोमीटरच्या बोगद्यातून गाडीत बसवून माणसे पलीकडे नेली की रोहतांग या ३,९७८ मीटर उंच खिंडीच्या चढाचे दिवस वाचतात, पण शरीराला विरळ हवेची सवय होण्याचे तेच दिवस असतात. बोगद्यातून जरूर जावे, मात्र वाचलेले दिवस जिस्पाच्या आसपास खर्च करावेत.

सरचूबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण या मार्गाची खरी अडचण तिथे आहे. विरळ हवेमुळे होणाऱ्या उंचीच्या आजारावर पहिला आणि खरा उपाय म्हणजे खाली उतरणे. सरचू दोन खिंडींच्या मधोमध आहे. मागे फिरायचे तर बारालाचा चढावा लागतो, पुढे जायचे तर गाटा लूप्सची एकवीस वळणे आणि लाचुंगला. म्हणजे सरचूला आजारी पडलेल्या माणसाला खाली नेण्यासाठी आधी वर न्यावे लागते. परत जिस्पापर्यंतचे अंतर ८० किलोमीटरच्या आसपास आहे आणि रात्री त्या रस्त्यावर गाडी घालणे सोपे नाही. म्हणून ज्याचे डोके झिंगझिंगबारला रात्रभर दुखले, ज्याला अन्न जात नाही, त्याला बारालाचा ओलांडू देऊ नये. हा निर्णय सकाळी, गाइडने घ्यायचा असतो. 'बघू, पुढे बरे वाटेल' म्हणत सायकलस्वारावर सोडायचा नसतो. गाइडला यातले काय कळते, हे पैसे भरण्याआधी सरळ विचारावे. टाचेला पंजा लावून सरळ रेषेत दहा पावले चालायला लावल्यावर माणूस झुकत असेल तर मेंदूला सूज येत असल्याची शक्यता धरावी, आणि बसल्या जागी धाप व खोकला असेल तर फुप्फुसात पाणी भरत असल्याची. दोन्हींत थांबणे नाही, ताबडतोब उतरणे. हे ज्या गाइडला माहीत नाही, तो रस्ता कितीही ओळखत असला तरी या वाटेवर पुरा पडत नाही.

ऑक्सिजनबद्दलही नेमके विचारावे. परफ्यूमच्या डब्यासारखे दिसणारे ऑक्सिजनचे डबे काही मिनिटांत संपतात, त्यांच्या भरवशावर बारालाचा ओलांडता येत नाही. दीड घनमीटरचा, म्हणजे १,५०० लिटरचा सिलिंडर मिनिटाला दोन लिटरने चालवला तर साडेबारा तास पुरतो, चार लिटरने सव्वासहा तास. सोबत रेग्युलेटर, मास्क आणि सिलिंडर उघडायची चावी हवी. चावी मनालीत राहिली तर सिलिंडर म्हणजे नुसते ओझे. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर उपयोगी असले तरी थंडीने गारठलेल्या बोटावर ते भलताच आकडा दाखवते. आधी हात चोळून गरम करावा, आणि आकडा चांगला आला म्हणून उलट्या करणाऱ्याला पुढे नेऊ नये. डायमॉक्स ही उंचीचा आजार टाळण्याची गोळी साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. पण सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांना ती चालेलच असे नाही, त्यामुळे इंदुरात असतानाच आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.

गाड्यांची गोष्ट पत्रकात एका शब्दात उरकतात : 'सपोर्ट व्हेइकल'. स्वयंपाकाची आणि तंबूंची गाडी पुढे निघून जाते, कारण तिला मुक्कामावर आधी पोहोचायचे असते. ती आजाऱ्याच्या कामाची नाही. शेवटच्या सायकलस्वाराच्या मागे राहणारी दुसरी गाडी हवी, आणि तिच्यात एक माणूस आडवा होईल एवढी जागा. बारा जणांच्या गटाला एक गाइड पुढे, एक सर्वांत मागे आणि शिवाय सायकली दुरुस्त करणारा एक, यापेक्षा कमी माणसे मला पुरेशी वाटत नाहीत. जिस्पाच्या अलीकडच्या तांडीतल्या पेट्रोल पंपानंतर लेहच्या बाजूला फार लांबपर्यंत पंप मिळेलच असे नाही, त्यामुळे गाडीत जादा इंधन किती, हेही विचारण्याजोगे. फोनवर विसंबू नये. मधल्या मोठ्या टप्प्यात रेंज नसते, बाहेरच्या राज्याचे प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, आणि परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणे आपल्या देशात गुन्हा आहे.

आता सायकल. इंदुरातल्या सपाट रस्त्यांवर पळणारी सायकल तिथे अडते ती गिअरमुळे. पुढे ३४ दाती आणि मागे २८ दाती चक्र असेल तर पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे २.७ मीटर सरकते. लांब चढावर वेग ताशी पाच किलोमीटरपर्यंत उतरतो, म्हणजे मिनिटाला जेमतेम एकतीस फेऱ्या. एवढ्या संथ फेऱ्यांत गुडघा जातो. पुढे २२ आणि मागे ३४ असेल तर त्याच वेगाला साठ फेऱ्या पडतात, दम टिकतो. सायकल भाड्याने मिळणार असेल तर हे दाते मोजून लेखी घ्यावेत.

सर्वांत जास्त घोटाळा करणारा भाग मात्र बोटभर असतो. गिअर बदलताना चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा मागचा डिरेलर ज्या पत्र्यावर टांगलेला असतो तो हँगर. गाडीच्या टपावर सायकली एकावर एक रचल्या की हा हँगर आत वाकतो. सपाटीला काही कळत नाही. चढावर सर्वांत हलका गिअर टाकला की डिरेलर स्पोकमध्ये शिरतो, आणि चेन, डिरेलर, दोन-चार स्पोक एका क्षणात जातात. दर सकाळी मागचे चाक उचलून, हलका गिअर टाकून, पेडल हाताने फिरवत डिरेलर आणि स्पोक यांमधली फट डोळ्याने पाहावी. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो, दुसऱ्याचा बसेलच असे नाही. आपल्या सायकलचा एक जादा हँगर इंदुरातूनच न्यावा, लेहच्या बाजारात तो मिळेल या आशेवर राहू नये. त्याच पिशवीत ब्रेक पॅडच्या दोन जोड्या, आपल्या चेनला बसणारे दोन क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायच्या कड्या), नेमक्या मापाचे चार स्पोक, गिअरची एक आतली तार आणि दोन ट्यूब. वर पंप मारताना तेवढ्याच दाबासाठी हात जवळजवळ दुप्पट वेळा चालवावा लागतो. पंप बिघडलेला नसतो, हवा विरळ असते.

खिंडीतून उतरताना घामाने भिजलेला सदरा आणि बोचरा वारा यांत बोटे अशी आखडतात की ब्रेकची दांडी ओढवत नाही. जाड हातमोजे आणि वाराबंद जाकीट पाठीवरच्या पिशवीत हवेत, मागून येणाऱ्या गाडीत नव्हे. बर्फ वितळून रस्त्यावर येणारे नाले दुपारनंतर फुगतात, ते सकाळीच ओलांडावेत. पांगपुढच्या मोरे मैदानातला समोरचा वाराही दुपारीच उठतो. आणि स्वयंपाकाचे : सरचूला पाणी साधारण ८६ अंशांवर उकळते, उघड्या भांड्यात डाळ तासन्‌तास शिजत नाही. कुकर आहे का, ते विचारा. आपले पोहे मात्र तिथेही छान होतात, भिजवले की झाले.

सरावासाठी आपल्याकडे जागा आहेत. महूपासून जाम दरवाजापर्यंत जाऊन खाली निमाडात उतरावे आणि तोच घाट चढून परत यावे, दर आठवड्याला. पायांची आणि गिअरची परीक्षा तिथे होते. उंचीची सवय मात्र माळव्यात होत नाही, उलट तगडा सायकलस्वार वेगाने चढतो आणि म्हणून आधी आजारी पडू शकतो.

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या २०१८ च्या साहसी पर्यटनाच्या मार्गदर्शक सूचनांत सायकल सहलींचाही समावेश आहे. शहरातल्या आयोजकांना माझी विनंती एवढीच, की त्या वाचाव्यात आणि पत्रकात प्रत्येक मुक्कामाच्या नावापुढे उंची छापावी. तसे पत्रक नसेल तर वाचकांनी स्वतः कागदावर मुक्काम आणि उंची लिहून, दोन आकड्यांची वजाबाकी करून, तो कागद आयोजकासमोर ठेवावा. ३,००० मीटरच्या वर कुठेही ५०० हून मोठा आकडा निघाला तर तिथे एक रात्र वाढवून मागावी, आणि मगच आगाऊ रक्कम द्यावी.

आपला,
एक वाचक
रामबाग, इंदूर