पावसाळ्यात काय शिकवतेस?

पुणे, ८ जून

ती. आई आणि ती. आबा यांस सा. न.

रविवारी फोनवर आबा म्हणाले, "पाऊस लागला की तुमचं ते गोल्फचं मैदान बंद. मग दोन महिने सांगलीला येऊन राहा की." मागून आईनंही री ओढली. समोर शिकायला आलेली पोरं उभी होती म्हणून 'बघू' म्हणून फोन ठेवला. पण जुलै-ऑगस्ट मला हलता येणार नाही. असं कोरडं कळवलं असतं तर आई चार दिवस धुसफुसली असती, म्हणून सविस्तर लिहिते.

आबा, तुम्ही तालमीत वाढलेले. दिवाळीनंतर कुस्त्यांची मैदानं सुरू व्हायची ती जत्रा संपेपर्यंत. म्हणून गावभागातली तालीम पावसाळ्यात कुलूप लावून बसायची का? हिंदकेसरी मारुती माने यांचा विषय निघाला की तुम्ही त्यांच्या कुस्त्यांपेक्षा त्यांच्या मेहनतीबद्दलच जास्त बोलता. आमचंही तेच आहे. फरक एवढाच, की आमच्या पोरांना स्पर्धा वर्षभर कुठे ना कुठे असतातच. आज बंगळूर, पुढच्या महिन्यात दिल्ली. सगळ्या खेळायच्या म्हटल्या तर शिकायचं कधी? मग पालकांना बसवून सांगावं लागतं, की या तीन-चार महत्त्वाच्या, बाकीच्या सोडा. पालकांना ते पटत नाही. शेजारचा मुलगा गेला, मग आमचा का नाही, हे ठरलेलं.

पावसात चिखलामुळे चेंडू पडेल तिथेच रुततो, घरंगळत नाही. खेळायला मजा नाही, पण शिकवायला यासारखा हंगाम नाही. आता एक तेरा वर्षांचा मुलगा आहे. त्याचा उजवा हात काठीखाली फार सरकतो, त्यामुळे चेंडू डावीकडे वळून झाडीत जातो. ही पकड बदलायची म्हणजे पहिले काही आठवडे त्याचा एक चेंडू सरळ जाणार नाही. हात परका वाटतो, पोरगं चिडतं, काठी आपटतं. पुढच्या आठवड्यात स्पर्धा असेल तर ते जुन्या पकडीवरच परत जाणार, गेलंच म्हणून समजा. म्हणून असली मोडतोड आम्ही जूनमध्ये काढतो. आधी चेंडूच देत नाही, नुसती काठी फिरवायला लावतो. मग जवळून, अर्ध्या ताकदीनं. पुरा फटका मारायची परवानगी मिळेस्तोवर गणपती येतात.

दुसरं म्हणजे उंची. ऑफिसच्या दाराच्या चौकटीवर मी पेन्सिलीनं प्रत्येकाच्या खुणा करते, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी. मुली साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास झपाट्यानं वाढतात, मुलगे चौदाव्याच्या. त्या काळात हातपाय एवढे लांबतात, की काल जमणारा फटका आज जमत नाही. आईबाप म्हणतात पोराचं लक्ष नाही. लक्ष असतं हो, पण हाडं पुढे पळालेली असतात आणि स्नायू मागून येत असतात. तेव्हा जोरात मारायला लावलं की कंबर दुखावते. मग मी लांब काठ्या काढून घेते आणि छोटे फटके, चेंडू घालवणं, एवढंच ठेवते.

चेंडू घालवणं म्हणजे शेवटी तो खळग्यात ढकलणं, याला आम्ही 'पट' म्हणतो. आई, तुला वाटतं लांब मारणारा जिंकतो. हिशेब बघ. अठरा खळग्यांच्या मैदानाचं ठरलेलं गणित बहुतेक ठिकाणी बहात्तर फटक्यांचं, आणि त्यात प्रत्येक खळग्याला दोन याप्रमाणे छत्तीस हे पटच धरलेले असतात. निम्मा खेळ! खळगा केवढा? १०८ मिलिमीटर रुंद, तुझ्या आमटीच्या वाटीएवढा. हा सराव पावसात सतरंजीवरही होतो. तीन फुटांवर रुपयाचं नाणं ठेवते, चेंडू त्याच्यावरून गेला पाहिजे. लागोपाठ वीस गेले तर घरी. अठराव्याला चुकला की पुन्हा एकपासून. शेवटच्या दोन-तीन चेंडूंना पोरांचे हात कसे थरथरतात ते बघायला या एकदा. स्पर्धेचं दडपण म्हणतात ते हेच, आणि ते सतरंजीवर फुकटात मिळतं.

मागच्या हिवाळ्यात माझ्याकडच्या एका मुलीनं गवतात चेंडूमागे काठी टेकवली आणि चेंडू जरासा हलला. कुणी पाहिलं नव्हतं. तिनं स्वतःच हात वर करून सांगितलं आणि दंडाचा एक फटका लावून घेतला. गोल्फमध्ये प्रत्येक फटक्यामागे पंच नसतो. तुमचे आकडे सोबतचा खेळाडू लिहितो, खाली सही तुमची. खऱ्यापेक्षा कमी आकड्यावर सही केली की सरळ बाद. गाड्या लावतात तिथे तिचे वडील तिच्यावर भडकले, "तुला कुणी विचारलं होतं?" मी मध्ये पडले. माझी फी त्यांच्याकडून येते हे माहीत असूनही पडले. आबा, हे तुमच्याकडून आलेलं आहे, त्याला माझा इलाज नाही.

श्रीमंतांचा खेळ, हे तुमचं म्हणणं मी खोडत नाही. काठ्या महाग, प्रवास महाग, मैदानाची दारं सगळ्यांना उघडी नाहीत. पण १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय अली शेर आधी कॅडी होता, म्हणजे दुसऱ्या खेळाडूंच्या बॅगा वाहायचा. एसएसपी चौरसियाचे वडील कोलकात्यात मैदानाची निगा राखायचे आणि त्यानं तीच स्पर्धा २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ जिंकली. माझ्याकडेही दोन मुलं कॅडींची आहेत. त्यांची फी मी घेत नाही, हे क्लबात बोलत नाही आणि तुम्हीही मामांना सांगू नका.

आणि आई, टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली तेव्हा तिची बॅग तिची आईच वाहत होती. एका फटक्यानं पदक हुकलं. तू टीव्हीसमोर बसून "त्या बाईचे खांदे दुखले असतील गं" म्हणाली होतीस, आठवतं?

आता खरं काम. गोल्फ एकाच अंगाचा खेळ आहे. उजव्या हातानं खेळणारा जन्मभर एकाच बाजूला पिळ देतो. पोरांची पाठ एका बाजूनं आखडते, दुसऱ्या बाजूनं ढिली राहते. पावसाळ्यात ती बरोबरीला आणायची असते, आणि जिमच्या मशीनवर ते नीट होत नाही. ते तुमच्या माळ्यावरच्या मुद्गलांच्या, त्या जड लाकडी दांड्यांच्या, जोडीनं होतं. दोन्ही हातांनी, दोन्ही बाजूंनी, खांद्यामागून फिरवताना कंबर आपोआप वळते. मला फिरवता येते, पण शिकवता तुम्हालाच येते. पोरांसाठी हलकी जोडी मी इथल्या सुताराकडून करून घेईन, तुमची फक्त दाखवायला हवी.

म्हणून मी सांगलीला येण्याऐवजी तुम्हीच दोघं जुलैत पंधरा दिवस पुण्याला या. सकाळी साडेसहा ते साडेसात आबांचा तास. पोरं 'सर' म्हणतील, ते चालवून घ्या. 'वस्ताद' म्हणायला मी शिकवते. मानधन मिळेल, नाही म्हणू नका, क्लबाच्या कागदावर नाव लागतं. आईला सोसायटीच्या भजनी मंडळात ओळख करून दिलीच आहे.

स्वारगेटला मी घ्यायला येते. मुद्गल लाल डब्यात डिकीत टाकू नका, घरंगळतात, पायाशी ठेवा. आबांच्या बीपीच्या गोळ्या महिन्याच्या घ्या, त्या कंपनीच्या इथे पटकन मिळत नाहीत. आणि धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली तर आयर्विन पुलाजवळ चाळीस फूट होण्याची वाट बघू नका, त्याआधीच निघा. हळदीची पोती वरच्या खोलीत चढवायला शेजारच्या दादाला मी फोन केला आहे.

कोणत्या तारखेची गाडी ते गुरुवारपर्यंत कळवा, म्हणजे पालकांना सांगता येईल.

तुमची,
सुनी