ताई, ती खालची लेअर अजून तशीच आहे

प्रिय ताई,

तुला फोनवर थँक्यू म्हणायला गेलो की तू लगेच विषय बदलतेस म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय, आता तुला मधेच थांबवता येणार नाही. नाव लिहीत नाही, ते तुला आवडणार नाही हे माहितीये. पण माझ्यासारखी वहीत गाड्या काढणारी पोरं हे वाचतील, त्यांना तू मला काय दिलंस ते कळलं पाहिजे.

निगडीत कॉट बेसिसवर राहायचो तेव्हाची गोष्ट. माझ्याकडे निळ्या बॉलपेनने काढलेल्या गाड्यांच्या चार वह्या होत्या, एक सेकंडहँड लॅपटॉप होता आणि स्क्रीन नसलेला छोटा पेन टॅब्लेट. एका ठिकाणी पोर्टफोलिओ दाखवून आलो होतो आणि तिथे पाच मिनिटात फाइल परत मिळाली होती. काय चुकलं ते कुणी सांगितलं नाही. मी काय करायचो, तर मोबाइलवर स्केचचा फोटो काढायचा, सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा, त्यावरून पेन टूलने एकेक रेघ गिरवायची आणि मग खालचं स्केच डिलीट. रेघा एकदम गुळगुळीत यायच्या आणि मला वाटायचं हेच प्रोफेशनल काम. तू वरच्या मजल्यावर राहायचीस, तू ते पाहिलंस, मग माझी वही मागितलीस, दोन्ही शेजारी ठेवलंस आणि म्हणालीस, "वहीतली गाडी चालतीये, स्क्रीनवरची उभी आहे. मधे काय झालं?" तो प्रश्न मी आजपण प्रत्येक स्केचला विचारतो.

त्यानंतरचे जवळपास सात महिने रविवार सकाळ. तुला आठवड्यातून एकच सुट्टी असायची आणि त्यातले दोन-अडीच तास तू मला द्यायचीस, एक रुपया न घेता, वर पोहे.

पहिलं तू मोबाइल बंद करायला लावलास. जवळून फोटो काढला की लेन्समुळे कडेची चाकं ताणली जातात आणि मग मी कॉम्प्युटरवर जी चूक दुरुस्त करत बसायचो ती माझ्या हाताची नव्हतीच, कॅमेऱ्याची होती! म्हणून ३०० डीपीआयला स्कॅन. मग लेव्हल्समध्ये, म्हणजे उजळ-गडद कमीजास्त करायच्या टूलमध्ये, कागदाचा पिवळटपणा घालवायचा, पण इतकाच की बॉलपेनच्या हलक्या रेघा उडता कामा नयेत, कारण बॉलपेनची सगळी मजा त्या हलक्या-गडद दाबातच असते, तिथेच हात विचार करत असतो असं तू म्हणायचीस. लेअर म्हणजे फाइलमध्ये एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागदच, त्यात मूळ स्कॅन सगळ्यात खाली, लॉक करून, हात लावायचा नाही. त्याची कॉपी वर मल्टिप्लाय मोडला म्हणजे पांढरा कागद गायब होतो आणि रेघ राहते, आणि रंग त्या दोघांच्या मधल्या लेअरवर. फोटोशॉप परवडत नाही म्हटल्यावर तू क्रिटा टाकून दिलंस, फुकट आहे आणि तुला जे शिकायचंय त्याला पुरेसं आहे म्हणालीस. आणि खरंच पुरलं.

चाकांवर आपण पाच रविवार घालवले असतील. तिरकं चाक लंबगोल दिसतं, तो लंबगोल म्हणजे एलिप्स, आणि मी तो डोळ्याला बरं वाटेल तसा बसवायचो. तू समजावलंस की एलिप्सचा जो छोटा अक्ष आहे तो चाकाच्या अ‍ॅक्सलच्या, म्हणजे चाक ज्या दांड्यावर फिरतं त्याच्या दिशेनेच गेला पाहिजे, आणि समोरून तिरकी गाडी काढली तर पुढचं चाक जरा जास्त गोल आणि मागचं जरा चपटं दिसणार, एकच एलिप्स कॉपी करून दोन्हीकडे चिकटवलं की गाडी मोडल्यासारखी दिसते. मी नेमकं तेच करत होतो. मग तू कॅनव्हास आडवा उलटा करायला सांगितलंस, क्रिटात एम दाबला की झालं, आणि मला स्वतःच्याच गाडीचं मागचं चाक बाहेर पडलेलं दिसलं. चार वर्षं मी ते चाक असंच काढत होतो आणि एकदाही दिसलं नव्हतं.

पण मला सगळ्यात जास्त जे द्यायचंय तुला श्रेय, ते ट्यूबलाइटचं. माझं बालपण मिरजेत वडिलांच्या गॅरेजमध्ये गेलं हे मी कुणाला सांगत नसे, डिझाइनच्या जगात त्याचा काय संबंध असं वाटायचं. १९९१ साली आलेली टाटा सिएरा आपण सरावाला घेतली होती, तिची ती मागची छतापर्यंत वळत जाणारी मोठी काच, आणि मला त्यावरचं रिफ्लेक्शन जमत नव्हतं, एअरब्रशने नुसता धूर झाला होता. तू विचारलंस, गॅरेजमध्ये डेंटिंगवाले काम झालं की पत्रा कसा तपासतात? मी म्हटलं, तिरकं बसून त्यात ट्यूबलाइट बघतात, रेघ वाकडी दिसली की अजून खड्डा आहे. तू टेबलावर हात आपटलास. "हेच तर!" स्टुडिओतपण सरफेस मॉडेलवर, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेल्या गाडीच्या थ्रीडी पृष्ठभागावर, काळे-पांढरे झेब्रा पट्टे टाकून हेच बघतात म्हणालीस. म्हणजे वर तोंड करून असलेला पत्रा आकाश दाखवणार म्हणून उजळ, दरवाजाच्या मधून क्षितिजाची गडद पट्टी, आणि ती पट्टी जिथे वाकते तिथे पत्रा वाकतो. रंग भरायचा नसतो, पत्रा कुठे वळतो ते सांगायचं असतं. त्या दिवशी रात्री वडिलांना फोन केला आणि पहिल्यांदा त्यांच्या कामाबद्दल तासभर बोललो. ते पण खूश झाले. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

आणि स्टॅबिलायझर, म्हणजे थरथरती रेघ आपोआप गुळगुळीत करणारी सेटिंग, कमी ठेव म्हणून तू किती वेळा ओरडलीस! रेघ खांद्यातून एका झटक्यात मारायची, चुकली तर अनडू करून परत, वीस वेळा, पण सॉफ्टवेअरला ती सरळ करू द्यायची नाही. माझा हात आता ती रेघ मारतो ताई.

एक तारखेपासून चाकणजवळच्या एका स्टुडिओत इंटर्न म्हणून जातोय. मुलाखतीत त्यांनी फाइल उघडून वरच्या लेअर एकेक बंद केल्या आणि सगळ्यात खालचं बॉलपेनचं स्केच बघत बराच वेळ थांबले. मग विचारलं, हे हाताने काढलंय? मी हो म्हटलं.

सिएराचं नवीन स्केच तुला मेल केलंय. उलटं करून बघ, मागचं चाक मला अजून थोडं चपटं हवंय असं वाटतंय, रविवारी येतो तेव्हा सांग. आईने चकल्या दिल्यात, त्यापण आणतोय.

तुझा,
खालच्या मजल्यावरचा मिरजकर